हुंगणारी गाडी आणि सासूबाईंच्या कुरोड्या

मी काय काम करतो हे माझ्या नातेवाइकांना आजवर नीट कळलेलं नाही, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. जमिनीखालून जाणाऱ्या जास्त दाबाच्या वीजकेबलमध्ये तेल असतं, ते कधीकधी गळतं, आणि कुठे गळतंय ते मी शोधतो, असं मी प्रत्येक लग्नात आणि प्रत्येक बारशात सांगत आलो आहे. समोरचा माणूस "वा वा" म्हणतो आणि जिलेबी संपवून विचारतो, "म्हणजे नेमकं काय करता?" माझ्या साडूला वाटतं मी प्लंबर आहे, पण पेन्शनवाला. सासूबाईंनी रामटेकला सगळ्यांना सांगून ठेवलंय, "आमचे जवाई तेलाच्या कामावर हायेत." त्यामुळे तिकडे गेलं की लोक मला शेंगदाण्याचं तेल चढेल की उतरेल ते विचारतात. मीही आता गंभीर चेहरा करून "एवढ्यात डबा घेऊ नका, थोडं थांबा" असं सांगतो. एकदा बरोबरही आलं होतं.

तर आधी केबलबद्दल सांगून टाकतो, म्हणजे पुढची फजिती समजेल. आपल्या मीटरपर्यंत येते ती केबल करंगळीएवढी. माझी केबल मांडीएवढी जाड. आत तांबं, तांब्याच्या मधोमध पोकळ नळी, भोवती कागदाचे थरावर थर, आणि त्यावर शिशाचं आवरण. नळीत आणि कागदात पातळ तेल भरलेलं. दोन्ही टोकांना टाक्या लावून ते तेल कायम दाबाखाली ठेवायचं. दाब आहे तोवर वीज शहाण्यासारखी सरळ जाते. शिशाला बारीकशी चीर पडली की तेल मातीत झिरपायला लागतं, टाकीवरचा काटा खाली यायला लागतो आणि काट्यामागोमाग आमच्या साहेबांचा चेहरा. नव्या केबलींत तेल नसतंच. त्यामुळे आम्ही तेलवाले आता विभागात मोजकीच डोकी उरलो आहोत, आणि नवी मुलं आमच्याकडे टाइपरायटर दुरुस्त करणाऱ्याकडे बघावं तशी बघतात.

त्या उन्हाळ्यात नागपुरातल्या आमच्या एका जुन्या केबलचा काटा खाली यायला लागला. रामदासपेठेकडून निघून प्रताप नगरच्या बाजूला येणारी ही केबल. टाकली तेव्हा अर्ध्या वाटेवर शेतं होती, आता त्यांच्यावर माणसं राहतात. त्यातला एक मी. आमच्या घराच्या गेटसमोरून ती जाते. घर घेताना मी हे बायकोला मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं, "आपल्या दारातून अर्ध्या शहराची वीज जाते." त्यावर ती म्हणाली होती, "जाते ना? आपल्या घरात केव्हा येते ते सांगा." आमच्या गल्लीचं रोहित्र तेव्हा दर संध्याकाळी झोपायचं.

गळती शोधायची जुनी पद्धत अशी. खड्डा खणायचा, केबलभोवती अतिथंड नायट्रोजनचं वेष्टण घालून आतलं तेल गोठवायचं आणि दोन्हीकडचा दाब बघायचा. ज्या बाजूचा पडेल त्या बाजूला गळती. मग त्या बाजूच्या मधोमध पुन्हा खड्डा. मला ही पद्धत मनापासून आवडते, कारण मे महिन्यात नागपुरात तेवढा एकच खड्डा थंड असतो. पण आता शहरभर सिमेंटचे रस्ते झालेत. एक खड्डा खणायचा तर इतक्या ऑफिसांत जावं लागतं, की तोवर सगळं तेल गळून प्रश्न आपोआप सुटेल.

म्हणून या वेळी पुण्याहून एक गाडी मागवली. तेलात आधी एक खुणेचं रसायन मिसळायचं. तेल गळलं की ते रसायन मातीतून हळूहळू वर येतं, आणि गाडी त्याचा वास घेते. पुढच्या बंपरखाली हत्तीच्या सोंडेसारख्या नळ्या, आत एक पेटीएवढं यंत्र. ते इतकं तिखट नाकाचं, की चिमूटभर रसायन अंबाझरी तलावात टाकलं तरी काठावर उभं राहून ओळखेल, असं त्या गाडीबरोबर आलेल्या मॅडम म्हणाल्या. मॅडम तिशीच्या, कधी न हसणाऱ्या, आणि त्यांचा एकच नियम होता. ज्याने खुणेच्या तेलाला हात लावला, त्याने गाडीजवळ यायचं नाही.

"अंघोळ करून?" मी विचारलं.

"नाही."

"कपडे बदलून?"

"सर, नाही म्हणजे नाही."

रसायन मिसळण्याचं काम मीच केलं होतं. तेव्हा मी गाडीपासून लांब राहायचं आणि लागलं तर फोनवर रस्ता सांगायचा, असं ठरलं. मनात म्हटलं, आली मोठी पुण्याची. आम्ही नागपूरवाले, आमच्याकडे नियमसुद्धा दुपारी झोपतात.

आता आमच्या विभागाची एक रीत सांगायला हवी. टाकीतलं तेल तपासणीला काढताना पहिली धार टाकून द्यायची असते. ती कोणी टाकत नाही. पाण्यासारखं स्वच्छ, बिनवासाचं, पातळ तेल, कसं टाकवेल? ते रिकाम्या बाटलीत घरी येतं. आमच्या विभागातल्या एकाही माणसाच्या घरचं दार करकरत नाही. दार वाजायला लागलं की शेजारी समजतात, साहेब रिटायर झाले.

रसायन मिसळल्यावर मी तपासणीचं तेल काढलं, पहिली धार सवयीने बाटलीत घेतली आणि सवयीने घरी आणली. यात रसायन आहे हे मला माहीत होतं, कारण ते मीच ओतलं होतं. पण माहीत असणं आणि डोक्यात असणं यात माझ्या बाबतीत बरंच अंतर असतं.

घाईचं कारणही होतं. सासूबाई आल्या होत्या आणि आमचं गेट त्यांच्या दुपारच्या झोपेत करकरत होतं. दर उन्हाळ्यात त्या रामटेकहून आमच्याकडे येतात, कूलरसाठी असं मी म्हणतो आणि लेकीसाठी असं त्या म्हणतात. पण त्या वर्षी त्या एका ठरवलेल्या कामासाठी आल्या होत्या. गेल्या उन्हाळ्यात अवकाळी पाऊस आला आणि खाटेवरच्या त्यांच्या कुरोड्या लालसर पडून आंबल्या. पुण्याकडे ज्यांना कुरडया म्हणतात, त्या या. मग सणाला ताटात विकतच्या तळल्या गेल्या. त्यांच्या नणंदबाईंनी एक उचलली, उलटीपालटी करून पाहिली आणि चारचौघींत म्हणाल्या, "राहू दे वं वहिनी. आता तुह्या हातून नाही होत."

हे वाक्य सासूबाईंनी वर्षभर मनात ठेवलं होतं. बायकोला फोनवर सांगताना त्या ते नणंदेच्या आवाजात म्हणून दाखवायच्या. यंदा स्वतःच्या हातच्या पांढऱ्याशुभ्र कुरोड्यांचा डबा नणंदेच्या घरी पोचवायचा, एवढाच त्यांचा कार्यक्रम. "डबा नाही गेला तं समज, तुही माय म्हातारी झाली," त्यांनी लेकीला सांगितलं होतं. त्यांचं वय सत्तरीच्या पुढे आहे, हे बोलण्याची आमच्यापैकी कोणाची छाती नव्हती.

मी गेटाच्या बिजागऱ्यांना तेल सोडलं. गेट असं गप्प झालं की सासूबाई स्वतः दोनदा उघडून आणि लावून पाहून आल्या. "कायचं तेल हाय, जवाईबापू? लय गुणाचं हाय." मला इतकं बरं वाटलं की सांगता सोय नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्या खात्याबद्दल त्या घरातून आलेला हा पहिला चांगला शब्द. बाटली मी चपलांच्या रॅकवर ठेवली आणि विसरलो.

सासूबाईंनी गहू भिजत घातले. हे ज्यांनी घरात पाहिलंय त्यांना ठाऊक आहे की एकदा गहू भिजले की मागे फिरता येत नाही. तीन दिवस पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढायचा, आणि चीक निघाला की त्याच सकाळी शिजवून, त्याच सकाळी सोऱ्यातून पाडून, त्याच उन्हात वाळवायचा. त्या दिवशी पाऊस नको, ढग नको, धूळ तर नकोच. आमच्या गच्चीला जिना नाही, टाकीवाल्यासाठी लोखंडी शिडी आहे, आणि सासूबाईंचे गुडघे शिडीचं नाव काढलं तरी बोलतात. म्हणून खाटा गेटाच्या आत, अंगणात.

ज्या सकाळी चीक शिजला, त्याच सकाळी गाडी आमच्या भागात येणार होती. वारा सुटायच्या आत, पहाटेच काम करतात ते. मला वेळापत्रक माहीत होतं, पण म्हटलं, गाडी येईल आणि जाईल. आमच्या दारात गळती कशाला असेल?

अंगणात दोन खाटा, त्यांच्यावर धुतलेल्या जुन्या साड्या. पातेल्यात चीक रटरटत होता. हात भराभर चालावा म्हणून शेजारच्या वहिनी आपला सोऱ्या घेऊन आल्या होत्या. एका खाटेवर सासूबाई पाडत होत्या, दुसऱ्या खाटेवर वहिनी. बायको चीक घोटत होती. मला छत्री दिली होती. कावळे हाकलायला. एवढं शिक्षण झालेल्या माणसाने हे काम किती गंभीरपणे करावं? मी कावळ्यांच्या संभाव्य दिशा ठरवून त्याप्रमाणे उभा होतो.

गाडी बैलगाडीच्या चालीने गल्लीत आली. मागे खोदकामाच्या टोळीचा छोटा ट्रक. आमच्या गेटसमोर गाडी थांबली. मागे गेली. पुढे आली. पुन्हा थांबली. मॅडम उतरल्या.

"सर, तुम्ही इथे?"

"मी इथे राहतो."

"गाडीपासून लांब राहायचं ठरलं होतं ना आपलं?"

"मी लांबच होतो. तुम्ही जवळ आलात."

त्या हसल्या नाहीत. "यंत्राचा काटा पार टोकाला गेलाय. रामदासपेठेपासून इथपर्यंत एवढा कुठेच नव्हता. गळती इथेच आहे, या गेटच्या हातभर अंतरात."

खरं सांगतो, मला आधी आनंद झाला. धंद्यातला माणूस. आपली गळती, आपल्या दारात, जणू पाहुणी आली! मग मागून चिकाचा वास आला आणि मी भानावर आलो. तोवर टोळीचा मुकादम रस्त्यावर खडूने चौकोन काढून विचारत होता, "साहेब, ब्रेकर लावू काय?"

सासूबाई सोऱ्या हातात घेऊन गेटापाशी आल्या. "काय लावून राहिला हा?"

"आई, रस्ता फोडायचाय. तेल गळतंय इथे."

"आता?"

"आताच."

"कुरोड्या वल्ल्या हायेत, जवाईबापू. सिमिटाची भुकटी उडन. वर्षभर काय सिमिट तळून खायचं?"

"झाकून घेऊ ना."

"झाकल्या तं वाळतीन कश्या? आंबतीन पुन्हा. मंग नणंदेले काय पाठवू, तुमचं ते मशीन?"

बायको पळी घेऊन आली. "अहो, दुपारपर्यंत थांबा म्हणा ना त्यांना."

मी आवाज खाली आणला. "माझ्या घरासमोर आहे म्हणून काम थांबवलं, असं होईल."

"मग होऊ द्या. लोक म्हणतील बायकोला घाबरतो. एकदा तरी खरं बोलतील लोक."

मुकादम हे सगळं मन लावून ऐकत होता. मॅडमही. मी घसा साफ केला आणि माझ्या आयुष्यातलं सगळ्यात बाणेदार वाक्य बोललो, "नियम सगळ्यांना सारखा. खोदा." बोलल्याबरोबर सासूबाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या मागे वळून खाटेकडे बघत होत्या, पांढऱ्या ओल्या चकत्यांच्या रांगांकडे. हातातला सोऱ्या खाली आला होता.

मॅडमनाही ते दिसलं असावं. "फोडण्याआधी एकदा पुढे जाऊन येते," त्या म्हणाल्या. "खात्री करून घेऊ."

गाडी पुढे सरकली आणि शेजारच्या गेटापाशी थांबली. काटा टोकाला. त्याच्या पुढच्या गेटापाशी, काटा टोकाला. मग गाडी वळली आणि परत येताना समोरच्या काकूंच्या दारात थांबली. तिथेही तेच. काकूंची शिलाई मशीन व्हरांड्यात असते. मॅडमनी हातातली नळी सहज तिकडे केली, तर यंत्र असं काही कोकललं की काकूंनी पाय उचलून खुर्चीवर घेतले.

मॅडम नकाशा घेऊन माझ्याकडे आल्या, दहा पावलांवर थांबल्या. "सर, केबल या बाजूने जाते. समोर केबल नाही. मग समोर तेल कसं? आणि दर वेळी गेटपाशीच का?"

माझ्या मानेवरून घामाचा एक ओघळ निघाला आणि त्याने पाठीवर सावकाश रस्ता शोधला. तोवर सासूबाईंनीच विचारलं, "ते मशीन काय हुंगून राहिलं वं पोरी?"

"तेल, आजी. केबलमधलं."

"पाण्यासारखं? वास नाही येत ते?"

"हो."

"ते तं मी साऱ्याइले देल्लं!" सासूबाईंचा चेहरा एकदम उजळला. "चपलाजवळ बाटली होती ना. आमचं गेट वाजनं बंद झालं तं हे म्हणे आमाले द्या, ते म्हणे आमाले द्या. काकूच्या मशीनले देल्लं, मंदिराच्या दाराले देल्लं. मी हात बी नाही लावला, ज्यानं त्यानं आपल्या वाटीत ओतून नेलं. जवाईच्या खात्याचं हाय, म्हटलं, घ्या."

गल्ली एकदम शांत झाली. एकाही गेटाचा आवाज आला नाही. येणार कसा?

मॅडमनी डोळे मिटले, बहुतेक पुण्याची आठवण काढली, आणि उघडले. मुकादमाने खडूच्या चौकोनावर चप्पल घासायला सुरुवात केली. मी म्हटलं, "म्हणजे गळती इथे नाही." कोणीतरी ते म्हणायला हवं होतं.

बायकोने हुश्श केलं. सासूबाई सोऱ्या उचलून पुन्हा खाटेकडे निघाल्या. तेवढ्यात माझ्याच डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि मी ओरडलो, "आई, सोऱ्याला लावलं का ते तेल?"

"काहून ओरडून राहिले?"

"ते खायचं तेल नाही. पोटात जायला नको कोणाच्या."

"मी काय येडी हाव काय? सोऱ्याले मी तिळाचं तेल लावतो, माह्या मायच्यापासून." आणि त्या थांबल्या. सगळ्यांनी शेजारच्या वहिनींकडे पाहिलं. वहिनी हातातला सोऱ्या पदराखाली घेत होत्या.

"पेच जाम झाला होता माझा," त्या हळूच म्हणाल्या. "दोनच थेंब सोडले, फक्त पेचाला..." आणि रडायलाच लागल्या.

आता दोन खाटा, एक चीक, दोन सोरे, आणि चीक घोटणारी माझी बायको जिने सकाळी गेट उघडलं होतं. कुठल्या कुरोडीला काय लागलं असेल, कोण सांगणार? सासूबाई खाटेच्या कडेला बसल्या. "सारंच फेकून द्या," त्या म्हणाल्या. "नणंद बरोबर म्हणे. नाही होत आता माह्या हातून." त्या असं बोललेल्या मी कधी ऐकलं नव्हतं. मला छत्री कुठे ठेवावी ते कळेना.

आणि मॅडम, कधी न हसणाऱ्या मॅडम, गाडीतून ती हातातली नळी घेऊन अंगणात आल्या. "आजी, मशीन आहे ना. बघू या."

कुरोड्यांवर असं यंत्र धरलेलं याआधी कोणी पाहिलं असेल असं वाटत नाही. मॅडम वाकून, एकेका रांगेवरून, कुरोडीला न टेकवता नळी फिरवत होत्या. गल्ली भिंतीवर चढून बघत होती. मी छत्री घेऊन सासूबाईंच्या खाटेच्या उशाशी उभा. पहिली रांग, यंत्र ओरडलं. दुसरी रांग, ओरडलं. तिसऱ्या रांगेला तर थांबेचना. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला.

मॅडम ताठ झाल्या. त्यांनी नळी खाटेवरून उचलून माझ्या शर्टाकडे वळवली. यंत्र किंचाळलं.

"सर, तुम्ही जा."

"कुठे?"

"लांब. गल्लीच्या बाहेर. आणि वारा बघून जा."

आपल्याच घरातून, कावळ्यांची छत्री घेऊन, मी निघालो. मी जात होतो तसतशी भिंतीवरची माणसं मागे सरकत होती, जणू मला देवी आल्या आहेत. समोरच्या काकू म्हणाल्या, "भाऊ, जरा त्या साइडनं जा ना." गल्लीच्या तोंडाशी चहाची टपरी आहे, तिथल्या बाकावर बसलो आणि बायकोला फोन लावला.

"काय चाललंय?"

"थांबा. आईच्या खाटेची पहिली रांग." मागे कोणाचाच आवाज नाही. "गप्प आहे मशीन."

"दुसरी?"

"गप्प. बोलू नका, मॅडम रागावतील."

"मी फोनवर आहे!"

"तरी."

चहावाल्याने विचारलं, "साहेब, मॅच हाय काय?" मी हो म्हटलं. त्याने फोन स्पीकरवर टाकायला लावला. "तिसरी गप्प... चौथी गप्प..." टपरीवरची सगळी माणसं गोळा झाली होती, आणि कोणीही विचारलं नाही की कोण खेळतंय. "आईची खाट झाली! स्वच्छ आहे सगळी!" बायको ओरडली, आणि टपरीवर लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही उठून वाजवल्या.

मग वहिनींची खाट आली, आणि तिथे यंत्र पहिल्या रांगेपासून बोललं. ती साडी तशीच गुंडाळून बाहेर गेली. फोनवर मला वहिनींचं रडणं ऐकू येत होतं आणि त्यावर सासूबाईंचा आवाज. "काहून रडते वं? अर्धं पातेलं चीक हाय अजून. हे घे माह्या सोऱ्या. हात धू आंधी, साबणानं. दुसऱ्या खाटेवर तुह्या नावाच्या पाड." मग जरा वेळाने, "पेच हळू फिरव. अशी धसमुसळी काहून करते?"

मला दुपारपर्यंत घरात घेतलं नाही. नंतर घेतलं ते मागच्या दाराने, आणि अंगावरचे कपडे तिथेच बादलीत टाकून.

गळती पुढे सापडली. गल्लीतल्या सगळ्यांनी बिजागऱ्या साबणाने घासल्या, माझी बाटली मॅडमनी दोन बोटांत धरून सीलबंद डब्यात टाकली, आणि गाडीने सगळी वाट पुन्हा पहिल्यापासून हुंगली. रामदासपेठेत एका जोडाजवळ शिशाला केसाएवढी चीर होती. ती सापडली त्या सकाळी मी टपरीवर होतो. मॅडमचा फोन आला, "सापडली. तुम्ही येऊ नका." त्यानंतर पहिल्या धारेची रीत विभागात बंद झाली. साहेबांनी भिंतीवर सूचना लावली, तिच्यावर माझं नाव नव्हतं, पण वाचणारा प्रत्येकजण माझ्याकडे बघून वाचायचा. आता गल्लीतली सगळी गेटं पुन्हा करकरतात.

कुरोड्या कडक वाळल्या. डबा भरल्यावर आम्ही रामटेकला गेलो, मी गाडी चालवायला, डबा बायकोच्या मांडीवर. मला त्याला हात लावायला बंदी होती, जरी आता मी पुरता निर्दोष होतो असं माझं मत होतं. नणंदबाई ओसरीत बसल्या होत्या. बायकोच्या या आत्याबाईंकडून स्वागत वगैरे काही नाही. "आणल्या?" एवढंच विचारलं.

सासूबाईंनी स्वतः चुलीपाशी जाऊन कढई ठेवली. पहिली कुरोडी तेलात पडली आणि फुलली, अशी फुलली की कढईच्या काठाबाहेर आली, पांढरीशुभ्र. नणंदबाईंनी ती हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली, उजेडात धरली.

"इकत तं नाही ना आणल्या?"

"पुण्याहून बाई आली होती खास," सासूबाई कढईतून मान वर न करता म्हणाल्या. "मशीन घेऊन. एकेक रांग तपासली. तुह्या घरी कोण आलं होतं वं तपासाले?"

नणंदबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "खरं काय गा जवाई?"

"खरं आहे, आत्याबाई," मी म्हटलं. "आईच्या खाटेवर मशीन एक शब्द बोललं नाही."

"आईकलं ना? मशीन चुप बसली," सासूबाई म्हणाल्या आणि दुसरी कुरोडी तेलात सोडली. "आता तू बी चुप बस अन् खा."

नणंदबाईंनी खाल्ली. मग रिकामं ताट पुन्हा पुढे सरकवलं.